माजी सैनिक, डोक्याचा जुना मार आणि घोरणं: विसराळूपणा वाढला तर आधी झोप तपासा

आमचे अण्णा हवालदार म्हणून रिटायर झाले, आम्ही साताऱ्याकडचे. सर्व्हिसमधे गाडी उलटून डोक्याला मार लागलेला, पाच-सात मिनिटं शुद्ध नव्हती, सीटी स्कॅन नॉर्मल आला आणि विषय तिथंच मिटला. डॉक्टर माइल्ड म्हणतात तो मार हाच, बेशुद्धी 30 मिनिटांच्या आतली आणि स्कॅनमधे बहुतेकदा काही दिसत नाही. मग पन्नाशीनंतर विसरायला लागले, स्टोअरचा सगळा हिशोब तोंडपाठ असलेला माणूस वाण्याला पाचशेची नोट देऊन सुट्टे न घेताच घरी यायचा, चिडचिड तर विचारूच नका. सगळे म्हणायचे डोक्याला लागलेलं आहे, वय झालंय, चालायचंच. त्यात दोन वर्षं गेली आमची. म्हणून सांगते, जुना मार पुसता येत नाही पण झोपेत श्वास अडकत असेल तर त्यावर इलाज आहे, तो आधी शोधा.

सुरुवात रात्री करायची. माणूस गाढ झोपला की शेजारी बसा आणि नुसतं ऐका. जोरात घोरणं चालू असतं आणि एकदम बंद पडतं, छाती-पोट हलत असतं पण नाकातोंडातून हवा जात नाही, मग गुदमरल्यासारखा झटका येऊन परत घोरणं सुरू. आई मोबाइलचं घड्याळ लावून बसली होती, एकदा 24 सेकंद, एकदा 31, ती घाबरून हलवायलाच निघालेली. 10 सेकंद किंवा जास्त थांबला तर तो एक अडथळा धरतात. दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवा कारण डॉक्टरसमोर "मी कुठं घोरतो" हेच ऐकायला मिळतं. सकाळी डोकं जड, तोंड कोरडं, रात्री लघवीला तीनचारदा उठणं, पेपर वाचता वाचता मान पडणं हे पण लिहून घ्या.

मेंदूचं काय होतं ते थोडक्यात. श्वास थांबला की रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू अर्धवट जागा होऊन घसा उघडतो, असं रात्रभर, आणि दिवसभराचं लक्षात बसवायचं काम ज्या झोपेत होतं तीच तुकडे तुकडे होते. आधीच दुखावलेल्या मेंदूवर हे रोज. आणि लक्षणं दोन्हीची सारखीच, म्हणून सगळं खापर जुन्या मारावर फुटतं. आम्हाला एका डॉक्टरनी "हे जाड नाहीत, यांना नसणार" म्हणून परत पाठवलं होतं, पण बारीक माणसालाही होतं, तेव्हा अडून बसा.

ईसीएचएस पॉलिक्लिनिकला (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा दवाखाना) जाताना एका कागदावर मार कधी लागला, किती वेळ शुद्ध नव्हती, बीपी, चालू गोळ्या, दारू किती हे सगळं लिहून न्या आणि स्लीप स्टडीसाठी, म्हणजे झोपेत श्वास कसा चालतो त्या तपासणीसाठी, रेफरल मागा. घरी करायची सोपी टेस्ट पण असते, पण डोक्याला मार लागलेल्यांमधे कधीकधी घसा मोकळा असतो आणि मेंदूच श्वासाचा सिग्नल देत नाही, म्हणून लॅबमधे रात्रभर करायची होईल का ते विचारा. रिपोर्टमधे तासाला किती अडथळे ते येतं: 5 ते 15 सौम्य, 30 च्या वर गंभीर. त्याच वेळी 30 मार्कांची स्मरणशक्तीची छोटी टेस्ट करून घ्या, नाहीतर पुढं फरक पडला का हे कशावरून कळणार?

सीपॅप मशीन, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन, मिळालं की खरी लढाई मास्कची. ज्यांना फौजेतली वाईट स्वप्नं पडतात त्यांना तोंडावर काही बांधलं की जीव घाबरतो, अण्णांनी पहिल्या रात्री काढून फेकलं. मग आम्ही संध्याकाळी बातम्या बघताना नुसता मास्क, मशीन बंद, 15-20 मिनिटं, आठवड्यानी मशीन चालू करून, असं करत सवय लावली. रात्रीचे किमान 4 तास तरी हवेत, पूर्ण रात्र वापरलं तर उत्तम. ह्युमिडिफायरमधे (हवा ओलसर करणारी मशीनची टाकी) डिस्टिल्ड वॉटर घाला, हवा गळत असेल तर पट्टा आवळत बसू नका, साइज बदलून घ्या. लाइट जाते तिथं मशीन इन्व्हर्टरवर घ्या.

कॅन्टीनची रम झोपायच्या आधी बंदच, घसा अजून सैल पडतो, आणि झोपेच्या गोळ्या मनानी देऊ नका. उताणं झोपायची सवय मोडायला आईनी बनियनच्या पाठीवर खिसा शिवून त्यात टेनिस बॉल टाकला, वळलं की टोचतो! दिवसा डुलक्या येतात तोवर गाडीची किल्ली तुमच्याकडे ठेवा.

दिवसाची झोप काही आठवड्यांत कमी होते, स्मरणशक्तीला वेळ लागतो आणि सगळ्यांची पूर्ण येतेच असं नाही. तीन-चार महिन्यांनी तीच टेस्ट परत करा, मार्क तसेच असतील तर बी12, थायरॉइड, कान आणि मनाची उदासी तपासायला सांगा. अण्णा नावं अजून विसरतात, पण वाण्याकडून आले की खिशातली चिल्लर टेबलावर ओतून मोजतात आणि आईला हिशोब सांगतात.