लांब शोधसूत्र रचताना: सात शब्द, आणि सातही कामाचे

आधी शब्दकोड्यातले हे शोधसूत्र बघा. कंसातला आकडा म्हणजे उत्तराची अक्षरे.

गुरुजींना गाडी लागली आणि बहुमत जाताच पडले (४)

उत्तर 'सरकार'. गुरुजी म्हणजे सर, गाडी म्हणजे कार. सरना कार 'लागली', म्हणजे शेजारी जोडली गेली. 'बहुमत जाताच पडले' ही उत्तराची व्याख्या. वाचणाऱ्याला मात्र घाटातल्या वळणांनी हैराण होऊन एसटीतून उतरलेले गुरुजी दिसतात. एकूण सात शब्द आहेत. 'आणि' सांध्याचे काम करतो, बाकी सहांना उत्तरात स्वतःचे काम आहे. शोधसूत्र लांब असणे म्हणजे त्यात भर घालणे नव्हे. 'पाणी (२)' या सूत्राला जल, नीर, तोय अशी तीन उत्तरे निघतात. त्याचेच 'सर्व सजीवांना अत्यावश्यक असणारा द्रव पदार्थ (२)' केले तर ते लांब होते, पण चतुर होत नाही, आणि तीन उत्तरे तशीच राहतात.

चतुर सूत्रात तीन गोष्टी लागतात. एक व्याख्या, एक अक्षरांची फोड, आणि त्या फोडीचे काय करायचे ते सांगणारी खूण. वरच्या सूत्रात 'लागली' ही खूण आहे. व्याख्या सूत्राच्या सुरुवातीला तरी हवी किंवा शेवटाला तरी. ती मधोमध घुसवली की सोडवणाऱ्याला धरायला टोकच मिळत नाही. ही शिस्त इंग्लंडातल्या गूढ शब्दकोड्यांमधून (क्रिप्टिक क्रॉसवर्ड) आली. तिथे आफ्रिट या टोपणनावाने कोडी रचणाऱ्या ए. एफ. रिची यांनी १९४९ मध्ये तिचे मर्म सांगून ठेवले आहे: सूत्रातून वरवर निघणारा अर्थ खरा नसला तरी चालेल, पण खरा अर्थ सूत्रातल्या शब्दांतून निघालाच पाहिजे. नियम तिकडचा असला तरी साहित्य आपलेच वापरावे लागते, कारण इंग्रजीतल्या निम्म्या युक्त्या मराठीत चालत नाहीत.

याचे कारण चौकटीतले घर. आपल्याकडे एका घरात एक पूर्ण अक्षर बसते: काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षर धरून. 'स्त्री' एका घरात मावते, 'वाङ्मय' तीन घरांत. त्यामुळे आपले बहुतेक शब्द दोन ते पाच घरांचे होतात आणि अक्षरांची नुसती उलथापालथ फार लवकर उघडी पडते. तीन अक्षरांच्या मांडण्या सहाच, चार अक्षरांच्या चोवीस. 'कलम वेडेवाकडे वाढले आणि चिखलात उमलले (३)' हे 'कमल'चे सूत्र वाचायला बरे आहे, पण अर्ध्या मिनिटात सुटते. अशी सूत्रे कोड्यात एखाददुसरी पुरेत. आपला खरा आधार चार गोष्टींवर: जोड, उलट, लपवाछपवी आणि काना-मात्रांची वजाबाकी.

जोडीपासून सुरुवात करावी. शब्द कागदावर सुटा लिहा, प्रत्येक अक्षरानंतर रेघ मारा आणि प्रत्येक रेघेवर तोडून बघा. 'सो-ला-पू-र' दुसऱ्या रेघेवर तुटतो: सोला आणि पूर. सोला म्हणजे साल काढा, पूर म्हणजे लोंढा. व्याख्येसाठी चादर आहेच. इथवर सांगाडा झाला: 'साल काढा + लोंढा = चादरींचे गाव'. नवशिके इथेच थांबतात आणि हाच सांगाडा सूत्र म्हणून देतात. पुढची पायरी म्हणजे या तीन तुकड्यांना कवेत घेणारे एक चित्र शोधणे. 'साल' म्हणजे वर्षसुद्धा. वर्ष, पूर, पांघरूण हे तिन्ही एकत्र आले की पूरग्रस्तांची छावणी उभी राहते:

साल काढा, लोंढा येऊ द्या, पांघरायला चादर इथलीच (४)

फोड करताना एक पथ्य पाळा: तुकड्याचा अर्थ मूळ शब्दातल्या अर्थापेक्षा वेगळा झाला पाहिजे. 'राजवाडा' तोडून राज आणि वाडाच हाती येतात, त्यात कोडे कुठे आले? सोलापूरमधला पूर गावाचा, सूत्रातला पाण्याचा. 'मानधन'मधला मान आदराचा, पण सूत्रात तो गळ्याकडे नेता येतो:

डोके पेलणारीला पैसा जोडला. कलाकार म्हणतात, वेळेवर मिळत नाही (४)

जोडीचीच पुढची तऱ्हा म्हणजे एका शब्दाच्या पोटात दुसरा शब्द. जा-ग-र-ण हा शब्द बाहेरून 'जाण' आहे आणि आत 'गर'. 'समजुतीच्या पोटात फळाचा मऊ भाग गेला. खंडोबाच्या नावाने रात्रभर चालते (४)'. असे शब्द कमी सापडतात. सापडले की ते सोप्या व्याख्येवर उधळू नयेत.

उलट वाचण्याची सवय मराठी माणसाला शाळेपासून असते. 'चिमा काय कामाची' पाठ नसलेला विरळाच. इथे अक्षर अख्खे उलटते, त्याची मात्रा त्याच्याबरोबर जाते. 'डाक' उलटून 'कडा' मिळतो, आणि भाषेत 'उलट टपाली' हा तयार वाक्प्रचार आहे. मग सूत्र आपोआप बनते: 'उलट टपाली मिळते सह्याद्रीची उभी भिंत (२)'. असा वाक्प्रचार सापडतो का हे आधी बघावे. खूण आणि वाक्य एकाच घासात येतात. 'काना' उलटला की 'नाका': 'काना उलटा फिरवला, तरी टोल भरावा लागतो तिथे (२)'. सोडवणारा इथे कुठल्या अक्षराचा काना काढायचा हे शोधत बसतो, आणि तेच आपल्याला हवे असते.

उलटीत सगळ्यात जास्त चुका ऱ्हस्व-दीर्घाच्या होतात. 'नदी' उलटली की 'दीन', म्हणजे गरीब. 'दिवस उलटला' हा तर कसला सुंदर वाक्प्रचार, म्हणून 'दिवस उलटला आणि वाहू लागली (२)' लिहिण्याचा मोह कुणालाही होईल. पण दिवस म्हणजे 'दिन', पहिली वेलांटी. तो उलटला तर 'नदि' होतो आणि तसा शब्द मराठी लेखनात नाही. 'आणि'सारखे मोजके अपवाद सोडले तर शब्दाच्या शेवटी दीर्घच लिहायचे. मोह टाळा आणि सूत्र गरिबावरच बेता. तीच गत 'सार' आणि 'रसा'ची. सार उलटून रसा होतो हे छान आहे, पण लगेच कोल्हापूरच्या तांबड्या-पांढऱ्याकडे धावू नका. तो 'रस्सा', त्यात स्सा आहे, आणि 'सार'मध्ये स एकेरी. कोडे रचताना शेजारी शब्दकोश उघडा असू द्या. कानाने ऐकून काना-मात्रा लावू नका.

उलटीतला दुसरा दोष जरा लपून बसतो. 'वेल उलटली टाळ्यांत (२)' याचे उत्तर लता की ताल? खूण मधोमध असल्यामुळे दोन्ही बाजूंनी वाचता येते, आणि उभ्या-आडव्याच्या भेटीचे अक्षर मिळेपर्यंत सोडवणारा लटकतो. ज्या शब्दाला उलटायचे, खूण त्यालाच चिकटलेली हवी: 'उलट्या वेलीवर गाणे धरून ठेवतो (२)'. आता उत्तर एकच, ताल.

लपवलेला शब्द दोन शब्दांच्या सांध्यावर बसवा. 'दिवसा गरम' या दोन शब्दांत सा-ग-र सलग येतात, म्हणून 'दिवसा गरम, पोटात समुद्र (३)'. हे सूत्र याहून लांब करू नये. 'दिवसा गरम भज्यांच्या पोटात' केलेत तर भजी फुकट आली, कारण लपवण्याच्या जागेत उत्तराशी संबंध नसलेला शब्द घालणे ही लबाडी आहे. लांबी वाढवायचीच असेल तर ती व्याख्येच्या बाजूने वाढवा.

काना-मात्रांची वजाबाकी ही आपली खास मिरास. 'पंत'वरचा अनुस्वार काढला की 'पत' उरते:

पंत कपाळाचे टिंब पुसून बसले. बाजारात जपावी लागते ती (२)

'खंत'चे टिंब गेले की 'खत', 'काळ'चा काना गेला की 'कळ'. 'काना मोडला', 'टिंब पुसले', 'वेलांटी सुटली' अशा खुणा वाक्यात सहज मिसळतात. ज्या शब्दाची अक्षरे जशीच्या तशी घ्यायची, तो विभक्तीशिवाय ठेवावा एवढेच. वर 'पंतांचे टिंब' लिहिले असते तर सोडवणाऱ्याच्या हातात 'पंतां' आले असते. आणि 'फूल'चे 'फुलाला', 'पूर'चे 'पुराला' होते, तिथे तर वेलांटी-उकारच बदलतो. समानार्थी शब्द देऊन सोडवणाऱ्याकडून मूळ शब्द काढून घ्यायचा असेल, तर मात्र विभक्ती चालते. म्हणूनच 'गुरुजींना' चालले.

आता व्याकरण, जिथे बहुतेक लांब सूत्रे पकडली जातात. मराठीत क्रियापद लिंग-वचनाप्रमाणे बदलते. सूत्रात 'आला' लिहिले की उत्तर पुल्लिंगी, 'आली' लिहिले की स्त्रीलिंगी, हे जुन्या सोडवणाऱ्याला लगेच कळते. सूत्र लांब होईल तितके हे चोरकप्पे वाढतात. यावर उपाय म्हणजे वरच्या चित्रातला कर्ता आणि आतले उत्तर या दोघांनाही बसेल असे क्रियापद निवडणे. दोन योगायोग पाठच करून ठेवा. 'पडले' हे आदरार्थी पुल्लिंगी बहुवचनही आहे (गुरुजी पडले) आणि नपुंसकलिंगी एकवचनही (सरकार पडले). 'पडली' हे स्त्रीलिंगी एकवचनही आहे आणि नपुंसकलिंगी अनेकवचनही (फुले पडली). गुरुजींचे सूत्र या पहिल्या योगायोगावर उभे आहे. कडक परीक्षक म्हणेल की व्याख्या 'बहुमत जाताच पडते' अशी वर्तमानकाळी हवी होती, आणि ते बरोबरही आहे. पण 'गुरुजी पडते' होत नाही, चित्र मोडते. अशा वेळी काळ किंचित ढिला ठेवला तर सोडवणारा माफ करतो. लिंग चुकले तर करत नाही.

दोन अर्थांच्या शब्दाला फोड लागतच नाही; दोन व्याख्या शेजारी ठेवल्या की झाले. लांब सूत्रासाठी दोन अक्षरी शब्द इथे सगळ्यात कामाचे, कारण त्यांना अर्थ भरपूर असतात. 'पोस्टमनने २०१३ नंतर आणली नाही. हलवायाला मात्र अजून दोन बोटांत सापडते (२)'. पाकाची तार आणि बंद झालेली तार. दोन्ही अर्थ एकाच मुळातून आलेले नसतील तितके चांगले. इथे ते थोडे जवळचे आहेत, पण पोस्टमन आणि हलवाई यांच्यातल्या अंतराने ते झाकले जाते.

सूत्र लिहून झाले की खोडण्याची परीक्षा घ्या. एकेक शब्दावर बोट ठेवा आणि तो काढून वाचा. उत्तर तसेच निघत असेल आणि वाक्यही उभे राहत असेल, तर तो शब्द गेलाच पाहिजे. मघाच्या 'कमल'च्या सूत्रात 'आंब्याचे कलम' लिहिता आले असते, चित्रही खुलले असते. पण 'आंब्याचे' काही करत नाही. 'आणि', 'तर', 'की', 'म्हणून' या सांध्यांना सूट, तीही एका सूत्रात दोनदाच. आमच्या मते बारा-तेरा शब्दांपुढे सूत्र गेले की सोडवणारा वाचता वाचता विसरतो. याबाबतीत जुनी कोडी आदर्श आहेत. 'बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे': पाच शब्दांत दात आणि जीभ दोन्ही, आणि एकही अक्षर जास्त नाही.

उदाहरणाने व्याख्या करताना सावध राहा. 'अनामिका' म्हणजे बोट, पण बोट म्हणजे अनामिकाच असे नाही. 'आगबोट'साठी 'विस्तवाजवळ अनामिका नेली' लिहायचे तर 'जणू' किंवा 'समजा' घाला, नाहीतर 'बोट' असेच लिहा आणि नौकेचा भास होऊ द्या.

चौकटीतली जागाही बघा. भेटीच्या घरात ज्ञ, क्ष, ठ किंवा एखादे जोडाक्षर पडत असेल तर त्या एका अक्षराने शब्द निम्मा उघडतो. तिथे सूत्र बेधडक अवघड करा. दोन अक्षरी शब्दाला एकच भेट असेल तर मात्र फोड सोपी ठेवा. पंचवीस सूत्रांच्या कोड्यात लांब सूत्रे पाच-सहाच असावीत. सगळीच लांब केली तर कोडे वाचायलाच अर्धा तास जातो.

छापण्याआधी सूत्र दुसऱ्या कुणाला तरी नुसते मोठ्याने वाचून दाखवा, उत्तर न सांगता. ऐकणारा चुकीच्या चित्राच्या मागे गेला तर सूत्र जमले. उत्तर सांगितल्यावर त्याला फोड समजावून द्यावी लागली तर खूण कच्ची आहे. उत्तर ऐकून त्याने दुसरे उत्तर सुचवले आणि तेही घरांत बसले, तर सूत्र फाडा.

एक वही ठेवा आणि तिच्यात तुकडे जमवत जा: सा (पहिला स्वर), ना (नकार), कर (हात, पट्टी, आज्ञा), मान, वास, गर, गळ, पूर, रण, तारा, बारा, शिक. नवा शब्द आला की आधी या वहीत शोधावा. 'सा' आणि 'तारा' शेजारी आले की कंदी पेढ्यांचे गाव मिळते. 'ना' आणि 'शिक' शेजारी आल्यावर काय होते ते हे:

नकार दिला तरी म्हणतात अभ्यास कर. द्राक्षे मात्र इथलीच (३)