मोटरहोममागे ट्राइक नेताना वजनाचा हिशेब आणि बांधणी

मोटरहोमच्या, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या मोठ्या वाहनाच्या, मागे ट्रेलर जोडून ट्राइक, म्हणजे तीनचाकी मोटरसायकली, न्यायच्या असतील तर ट्रेलर निवडण्याआधी वजनाचा हिशेब कागदावर मांडावा. हार्ले-डेव्हिडसनच्या ट्राय ग्लाइडसारखी मोठी ट्राइक साडेपाचशे किलोंहून अधिक भरते. अशा दोन ट्राइक आणि ६०० किलोंचा ट्रेलर धरला, तर ओढायचे वजन १,७०० किलोंच्या पुढे जाते. हे वजन हिचच्या (मोटरहोमच्या मागे ट्रेलर अडकवण्यासाठी असलेल्या जोडणीच्या) आणि मोटरहोमच्या ओढण्याच्या मर्यादेत बसले, तरी दोन्ही वाहनांच्या एकत्रित वजनाची मर्यादा स्वतंत्रपणे पडताळावी, कारण इंधन, पाण्याच्या टाक्या आणि सामान भरल्यावर मोटरहोमकडे थोडीच क्षमता शिल्लक राहते.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते हिचवरील उभ्या भाराकडे, म्हणजे ट्रेलर हिचला खाली दाबतो त्या वजनाकडे. उत्तर अमेरिकेत हा भार भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवण्याची पद्धत आहे. तो फार कमी असल्यास ट्रेलर वेगात डोलू लागतो. मोटरहोमचा मागचा भाग मागील एक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) बराच पलीकडे गेलेला असतो. समजा, दोन एक्सलमधील अंतर ५ मीटर आहे आणि हिच मागील एक्सलच्या ३ मीटर मागे आहे, तर हिचवरील २०० किलोंमुळे मागील एक्सलवर ३२० किलो वाढतात आणि पुढील एक्सलवरचे १२० किलो कमी होतात. पुढची चाके अशी हलकी झाली की स्टिअरिंगची पकड कमी होते. म्हणूनच सर्व काही लादून झाल्यावर प्रत्येक एक्सल वजनकाट्यावर वेगळा तोलून घ्यावा, असा माझा आग्रह आहे. केवळ अंदाजावर प्रवासाला निघणे मला मान्य नाही.

ट्राइकला तीन चाके असल्याने दुचाकीसाठीचा अरुंद रॅम्प येथे निरुपयोगी ठरतो. पूर्ण रुंदीचा रॅम्प घ्यावा आणि ट्राइकची मागील रुंदी ट्रेलरच्या मडगार्डांमधील जागेशी मोजून पाहावी. ट्रेलर मोटरहोमला जोडलेला असतानाच ट्राइक चढवावी, अन्यथा मागील टोकावर वजन येताच ट्रेलरचे पुढचे टोक वर उचलले जाईल. दोन ट्राइक असतील तर त्या पुढे-मागे सरकवून हिचवरील भार जुळवावा.

ट्राइक स्वतःच उभी राहत असली तरी बांधणीत हयगय नको. पुढच्या चाकाला चॉक (चाक अडवणारा ठोकळा) लावावा, पार्किंग ब्रेक ओढावा आणि शक्यतो टायरवरून जाणारे रॅचेट पट्टे वापरावेत, कारण ते वापरल्यास सस्पेन्शन सतत दाबलेले राहत नाही. प्लॅस्टिकच्या भागांना किंवा हँडलबारला पट्टे अडकवू नयेत.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेत, आणि तो सुटल्यास ते आपोआप लागावेत यासाठी ब्रेकअवे स्विचची तार मोटरहोमला स्वतंत्रपणे जोडावी. सुरक्षा साखळ्या कपलरच्या (ट्रेलरचे हिचला अडकणारे टोक) खाली एकमेकींवरून फुलीसारख्या न्याव्यात. बुटका ट्रेलर आरशांत दिसत नाही, त्यामुळे मागचा कॅमेरा जवळजवळ अनिवार्य आहे. निघाल्यावर पहिल्या ५० ते ८० किलोमीटरनंतर थांबून पट्टे पुन्हा ताणावेत, चाकांचे नट तपासावेत आणि हब (चाकांचे मधले भाग) वाजवीपेक्षा जास्त तापले आहेत का ते पाहावे. एखादाच हब इतरांपेक्षा फार गरम लागला, तर बेअरिंग किंवा ब्रेक तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.