ह्यूस्टनहून स्टावांगरला येताय? या चुका टाळा

ह्यूस्टन आणि स्टावांगर यांच्यात तेलामुळे जुनं येणं-जाणं आहे. 1969 साली उत्तर समुद्रात एकोफिस्कला तेल लागलं, तेव्हापासून टेक्सासची माणसं नॉर्वेच्या या किनाऱ्यावर येत राहिली आणि इथली तिकडे जात राहिली. मीही त्याच वाटेनं आले. सहा वर्षं तिकडे काढली, आता अकरा वर्षं इथे आहे. दरवर्षी ऑफिसात नवी माणसं रुजू होतात. काही अमेरिकन, काही आपल्या पुण्या-ठाण्याची पण अमेरिकेत मुरलेली. चुका मात्र दरवर्षी त्याच. सगळ्यांची समजूत एकच असते, की इथे प्रत्येकाला फर्डं इंग्रजी येतं, मग अडणार कुठे? नेमकं तिथेच अडतं. शब्द इंग्रजी असतो आणि त्यामागचा हिशोब नॉर्वेजियन.

'मील' म्हणजे माइल नव्हे

ही चूक मी सगळ्यात वर ठेवते, कारण हिच्यात जिवाशी गाठ पडू शकते. नॉर्वेत 'मील' म्हणजे 10 किलोमीटर. अमेरिकेचा माइल आणि आपला मैल 1.6 किलोमीटरचा. इथला जुना मील तर 11 किलोमीटरांहूनही थोडा मोठा होता, दशमान पद्धत आली तेव्हा तो बरोबर 10 वर आणला. गाडी पेट्रोल किती पिते तेसुद्धा लोक 'मीलला अमुक लिटर' असं सांगतात. आणि इंग्रजी बोलायला लागले की त्याच मीलचं सहज 'माइल' करून टाकतात.

चार वर्षांपूर्वी ईस्टरच्या सुट्टीत आम्ही सात-आठ जण सिरदालच्या डोंगरात एका सहकाऱ्याच्या लाकडी घरी गेलो होतो. आमच्यात टेक्सासहून तीन आठवड्यांपूर्वीच आलेला एक गृहस्थ होता, सोबत त्याची नऊ वर्षांची मुलगी. रात्री यजमान म्हणाला, "उद्या छोटीशी फेरी मारू, जेमतेम दोन माइल." सकाळी बापानं मुलीला पातळ हातमोजे घातले, पाठीवर अर्ध्या लिटरची बाटली घेतली आणि जेवायला परत यायचंच आहे म्हणून खायला काहीच घेतलं नाही. स्कीवर निघालो. पाचेक किलोमीटर झाल्यावर मुलीनं विचारलं, परतीचं वळण कुठे आहे? यजमानानं काठीनं समोरची खिंड दाखवली. खिंडीपलीकडे तलाव, तलावाला वळसा, मग परत. म्हणजे सगळे मिळून 20 किलोमीटर.

मी तिचे हातमोजे काढले. आतून ओले झाले होते आणि बोटांची टोकं पांढरी पडली होती. माझ्या पिशवीतले लोकरीचे जास्तीचे हातमोजे तिला चढवले, तिचे हात माझ्या जाकिटात धरून ठेवले. यजमानानं संत्रं सोललं आणि 'क्विक लुन्श' चॉकलेटची कांडी मोडून तिला दिली. ईस्टरच्या फेरीत ही दोन्ही प्रत्येकाच्या पाठीवर असतात. त्या चॉकलेटच्या वेष्टनाच्या आतल्या बाजूला डोंगरात कसं वागावं याचे नियम छापलेले असतात. त्यातला आठवा नियम असा, की वेळेवर मागे फिरा, मागे फिरण्यात लाज कसली. आम्ही सगळेच मागे फिरलो. यजमानाचा चेहरा उतरला होता. "मी दोनच म्हणालो होतो," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. बापही दोनच समजला होता. दोघांचंही खरं होतं.

त्या दिवसापासून मी नुसतं "किती लांब?" असं विचारत नाही. "किती किलोमीटर आणि किती तास?" हे दोन्ही विचारते. आणि नॉर्वेजियन माणसानं सांगितलेल्या तासांत निम्मी भर घालते, कारण तो स्वतःच्या पायांचा वेग सांगत असतो. हे चालायला लागल्यापासून स्कीवर उभे राहिलेले पाय असतात, हे नवख्यानं विसरू नये. पहिल्याच ईस्टरला यांच्या बरोबरीनं निघायची घाई मला बघवत नाही. वर्षभर गावाजवळच्या टेकड्या चढा, मग डोंगरात जा.

अर्धा तीन कधी वाजतो?

इथे 'हाल्व त्रे' म्हणतात, शब्दशः 'अर्धा तीन'. अमेरिकन गोंधळतात, आणि इंग्रजांकडून इंग्रजी शिकलेले लोक तर 'हाफ थ्री'च्या सवयीनं सरळ साडेतीन धरतात. खरी वेळ अडीचची असते. मराठी माणसानं इथे चुकूच नये. आपला 'अडीच' संस्कृतातल्या 'अर्धतृतीय'पासून आला आहे, म्हणजे ज्यातला तिसरा अर्धाच आहे असा. हिशोब तोच आहे. फक्त आपण तो दीड-अडीचसारख्या एखाद्या आकड्यालाच करतो आणि हे लोक प्रत्येक तासाला करतात. 'हाल्व ओत्ते' म्हणजे साडेसात. दोन चाळीसला तर 'अर्ध्या तीनवर दहा' म्हणतात. ओळखीच्या एका जोडप्याला साडेचारला जेवायला बोलावलं होतं, ते साडेपाचला पोचले. साडेचारला कोणी जेवायला बोलावेल हेच त्यांना खरं वाटलं नव्हतं. पण इथल्या घरांत मुख्य जेवण चार-पाचलाच होतं. वेळ 24 तासांच्या आकड्यांत लिहून मागा. 14:30 असं लिहिलं की वाद उरत नाही.

'प्लीज' शोधत बसू नका

'हे लोक उद्धट आहेत' ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकते. सहकारी लिहितो, "आज ड्रॉइंग पाठव." प्लीज नाही, मागेपुढे एक गोड वाक्य नाही. अमेरिकन माणूस दिवसभर धुमसतो. अहो, नॉर्वेजियनमध्ये 'प्लीज'साठी असा एक सुटसुटीत शब्दच नाही. 'वॅर सो स्निल' आहे, पण तो दर वाक्याला लावला तर गयावया केल्यासारखं वाटतं. यांची अदब मागतानाच्या सुरात असते आणि काम झाल्यावरच्या 'तक्क'मध्ये असते. आपण तरी घरात कोणाला 'कृपया' म्हणतो? 'कृपया' रेल्वेच्या घोषणेत असतं. घरी आपण "जरा पाणी दे गं" म्हणतो, आणि सगळी माया त्या 'जरा'त असते. मराठीतून आलात तर नॉर्वेजियन लवकर कळेल, अमेरिकन इंग्रजीतून आलात तर वेळ लागेल, हे मी नव्यांना आवर्जून सांगते.

याच्या उलटही घडतं. इथली एक मैत्रीण ह्यूस्टनला गेली. तिथे तिला शेजारीण पाच वेळा म्हणाली, "कधीतरी भेटू या." हिनं पाचही वेळा मोबाइलवर कॅलेंडर उघडून "कोणत्या गुरुवारी?" असं विचारलं. शेजारीण मनापासूनच बोलत होती, पण ते बोलणं म्हणजे नमस्कार होता. दुकानातल्या गल्ल्यावरचं "हाउ आर यू"ही तसंच. नॉर्वेजियन माणूस त्यावर खरोखर विचार करायला लागतो आणि मागची रांग खोळंबते.

आणखी काही, थोडक्यात

तारीख इथे दिवस आधी, महिना मग. 4.7. म्हणजे 4 जुलै, 7 एप्रिल नव्हे. सुट्ट्या आठवड्याच्या क्रमांकानं ठरतात, म्हणून भिंतीवर आठवड्यांचे आकडे असलेलं कॅलेंडर लावा.

'इक्के वॅश्त', म्हणजे 'वाईट नाही', ही मोठी शाबासकी असते. दर तासाला 'ऑसम' म्हणणाऱ्या साहेबाचं कौतुक इथे महिनाभरात कोणाला ऐकूही येईनासं होतं.

श्वास आत ओढत 'या' म्हणणं म्हणजे 'हो'. समोरच्याला दम लागलेला नाही.

इमेलमध्ये नॉर्वेजियन माणसानं 'इव्हेंच्युअली' लिहिलं तर 'शेवटी' असा अर्थ लावू नका. त्यांच्या 'एव्हेंतुएल्त'चा अर्थ 'जमलं तर' किंवा 'वाटल्यास' असा असतो. यावरून एका कामाचा एक आख्खा आठवडा वाया गेलेला मी पाहिला आहे.

सर आणि मॅडम विसरा. मुलं शिक्षकांनाही पहिल्या नावानं हाक मारतात.

तळमजल्याला इथे पहिला मजला म्हणतात. अमेरिकेतही तसंच, त्यामुळे ही चूक फक्त आपली.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात नॉर्वेहून गेलेल्यांचे वंशज खूप आहेत. तिकडच्या लोकांसाठी एक गोष्ट. 1825 साली स्टावांगरहूनच 'रेस्तुरास्योन' हे छोटं जहाज न्यूयॉर्कला निघालं आणि नॉर्वेतून अमेरिकेला जाण्याची लाट सुरू झाली. त्यांची पणतवंडं इथे येऊन "मी नॉर्वेजियन आहे" असं सांगतात, तेव्हा ऐकणारा पासपोर्टचा विचार करतो आणि बोलणं तिथेच थांबतं. "माझे पणजोबा इथले" असं म्हणून बघा. लगेच प्रश्न येईल, "कुठल्या शेतावरचे?" इथली कितीतरी आडनावं शेतांचीच नावं आहेत, आणि त्या प्रश्नानंतर गप्पा खुलतात.

मोबाइलवरच्या अॅपवर तीन महिन्यांत भाषा येते म्हणणाऱ्यांचं मला वाईट वाटतं. 'मी'साठी अॅप 'याय' शिकवतं, स्टावांगरचा माणूस 'एग' म्हणतो. 'नाही'साठी अॅपचं 'इक्के' इथे 'इक्शे' होतं. लोक दोन आठवड्यांत हात टेकतात आणि आयुष्यभर इंग्रजीच्या आडोशाला राहतात. मी मासळीच्या दुकानात शिकले. रोज एकच वाक्य घेऊन जायचे, आणि समोरचा इंग्रजीत वळला तरी मी वळत नसे.

पहिलं वाक्य कोणतं घ्यावं असं विचाराल, तर 'तक्क फोर सिस्त'. म्हणजे 'मागच्या भेटीबद्दल आभार'. कोणाच्या घरी जेवून आलात, कोणाबरोबर डोंगर चढलात, की पुढच्या वेळी ती व्यक्ती भेटल्याबरोबर आधी हे म्हणायचं आणि मग कामाचं बोलायचं. सिरदालहून परतल्यावर सोमवारची सुट्टी संपवून आम्ही मंगळवारी ऑफिसात भेटलो, तेव्हा त्या टेक्सासच्या गृहस्थानं यजमानाला हेच म्हटलं. मुलीनं ते त्याच्या तळहातावर पेनानं लिहून दिलं होतं.