सीओपीडीत चालायचं किती आणि कसं

सीओपीडी म्हणजे श्वासनलिका अरुंद करणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार. त्याने गेलेली फुफ्फुसांची ताकद व्यायामाने परत येत नाही. तरी पुनर्वसनानंतर, म्हणजे ठरवून केलेल्या व्यायामानंतर, दम कमी लागतो, याचं मुख्य कारण पायांचे स्नायू सुधारतात. दम लागतो म्हणून माणूस बसून राहतो, मांड्या बारीक होतात. अशा स्नायूंत थोड्या श्रमातच लॅक्टिक आम्ल साठतं, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि तो बाहेर टाकायला श्वास जोरात चालतो. म्हणून तीन चेंडूंचा स्पायरोमीटर (श्वास ओढून चेंडू वर उचलायचं प्लास्टिकचं साधन) ओढत बसणं हा चालण्याला पर्याय नाही. फुगे तर फुगवूच नका: जोराने फुंकलं की आजारी श्वासनलिका मिटतात आणि हवा आतच अडकते.

आधी फिजिओथेरपिस्टकडून सहा मिनिटं चालण्याची चाचणी करून घ्या. समजा 300 मीटर झाले, म्हणजे मिनिटाला 50. सुरुवात त्याच्या 80 टक्क्यांनी करायची: मिनिटाला 40 मीटर, 10 मिनिटांत 400. सलग जमेना तर दोन मिनिटं चाला, एक मिनिट थांबा. आधी वेळ 30 मिनिटांपर्यंत न्या, वेग नंतर. डॉक्टरांनी व्यायामाआधीचा इनहेलर दिला असेल तर 10-15 मिनिटं आधी घ्या.

दम 0 ते 10 मध्ये मोजा: 0 म्हणजे अजिबात नाही, 10 म्हणजे जास्तीत जास्त. 4 ते 6 हवा. बरेच जण 2 वरच घाबरून थांबतात, मग महिनाभर चालूनही फरक पडत नाही. मात्र छातीत दुखलं, चक्कर आली किंवा ऑक्सिमीटरचा (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र) आकडा 88 टक्क्यांच्या खाली गेला तर लगेच थांबा. (गार बोटं आणि नेलपॉलिश आकडा चुकवतात.) घरी ऑक्सिजन असेल तर त्याचा प्रवाह स्वतःहून वाढवू नका.

धाप लागली की पुढे वाकून हात मांड्यांवर टेका. नाकाने दोन अंक श्वास घ्या, ओठांचा चंबू करून चार अंक सावकाश सोडा.

एक दिवसाआड खुर्चीतून उठ-बस: 8 ते 12 वेळा, दोन फेऱ्या. उठताना श्वास सोडायचा, रोखायचा नाही. हातांसाठी अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली पुरते. वेणी घालताना किंवा डोक्यावर पाणी घेताना दम लागतो, कारण खांद्याचे स्नायू तेव्हा श्वासाला मदत करू शकत नाहीत. ही कामं बसून करा.

किमान आठ आठवडे धरा. सोडलं की कमावलेलं काही महिन्यांत ओसरतं. आजार बळावून दवाखान्यात राहावं लागलं, तर घरी आल्यावर चार आठवड्यांच्या आत डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू करा, जुन्या वेगाने नव्हे, नव्या चाचणीच्या आकड्याने.