अंगठा माझ्या आधी धावला

पेन्शन आलो आणि चार महिन्यांत कॅश व्हॅनवर गनमॅन म्हणून लागलो. मराठा लाइट इन्फंट्रीत 17 वर्षं काढलेली, त्यामुळे इथे नवीन ते काय शिकायचं, असंच डोक्यात. बेळगावच्या सेंटरला रंगरूट असताना उस्तादांनी हातांत जे घातलं ते अजून झोपेतही चालतं. इन्सास रायफल अडकली की हात आपोआप कॉकिंग हँडलवर जातो, डोक्याला कोणी विचारत नाही. पलटणीत तसंच पाहिजे.

आता ऐका. सकाळी साडेदहाची वेळ, भर बाजारपेठेतलं एटीएम. कस्टोडियन आत पैसे भरत होते. माझा जोडीदार व्हॅनच्या मागच्या अंगाला, मी दाराशी. बारा बोअर डबल बॅरल, दोन्ही नळ्या भरलेल्या. तेवढ्यात डावीकडून एक पोरगा धावत आला, हातात काहीतरी काळं. मी वळलो तेव्हा बंदूक खांद्याला लागलेलीच होती. पोरगा जागीच थिजला. हातात मोबाईल. आमच्याच कस्टोडियनचा, चहाच्या टपरीवर विसरलेला.

ओरडाआरडा झाला नाही. पोराने मोबाईल पायरीवर ठेवला आणि उलट्या पावली गेला. व्हॅनमध्ये बसल्यावर माझं लक्ष बंदुकीकडे गेलं. सेफ्टी पुढे होती, म्हणजे ट्रिगर दाबला की गोळी सुटणार! ती मी कधी ढकलली, आजही आठवत नाही. अंगठ्याने त्याचं काम परस्पर उरकलं होतं. बोट तेवढं ट्रिगर गार्डच्या बाहेर राहिलं, कारण तेही उस्तादांनीच शिकवलेलं.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना सांगतो, हातांची सवय मोडू नका. काडतूस भरणं-काढणं, नळीचं तोंड खाली, बोट बाहेर, हे विचार न करताच व्हायला हवं. पण सेफ्टी आणि ट्रिगर हातांच्या भरवशावर सोडायचे नाहीत. तिथे डोकं लागतं. समोरच्याचा चेहरा बघत बसू नका, हात बघा. माझी चूक तीच झाली. मी धावणं पाहिलं, हात नंतर पाहिला.

कायदाही इथेच आडवा येतो. पूर्वी भादंविची 96 ते 106 कलमं होती, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेची 34 ते 44. बचावाचा हक्क आहे, पण गरजेपुरताच. लुटारू अंगावर आलाय, जीव जायची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती आहे, तोवर गोष्ट वेगळी. तो पेटी टाकून पळत सुटला आणि तुम्ही पाठीत गोळी घातलीत, तर कोर्टात तुम्हाला बचावाचं नाव घेता येणं कठीण. सीमेवर ही मोजणी वरचे साहेब करतात. एटीएमच्या दारात ती तुम्हीच करायची, तीही अर्ध्या सेकंदात.

ट्रेनिंगच्या भरवशावर राहू नका. खासगी सुरक्षा एजन्सींसाठीच्या केंद्राच्या 2006च्या नमुना नियमांत नव्या गार्डला 100 तास वर्गात आणि 60 तास मैदानावर, तर आपल्यासारख्या माजी सैनिकाला फक्त 40 आणि 16 होते. फौजीला सगळं येतं, हा समज. माझ्या वर्गात कायदा एका दुपारी उरकला, त्यातही निम्मा वेळ हजेरीत गेला.

मग मी घरीच सराव काढला. बंदूक कपाटात, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात. हातात खराट्याचा दांडा. (शेजारी हसतात, हसू देत.) मुलगा अचानक दारातून येतो, कधी लाटणं घेऊन, कधी मोबाईल, कधी रिकाम्या हाताने. लाटणं म्हणजे हत्यार. दांडा उचलायची परवानगी प्रत्येक वेळी, पण "ठो" म्हणायचं ते हात पाहिल्यावरच.

पहिल्या आठवड्यात चार्जर घेऊन आलेल्या पोराला मी दोनदा मारलं.