वॉटर स्कूटरचा कार्ब्युरेटर शिकताना

वॉटर स्कूटरच्या दुरुस्तीत मी शिकाऊ म्हणून आलो तेव्हा मोटरसायकलच्या कार्ब्युरेटरवर, म्हणजे इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागावर, माझा हात बसलेला होता आणि त्या जोरावर हेही काम सहज जमेल, असा माझा समज होता. पहिला कार्ब्युरेटर उघडून मी फ्लोट, म्हणजे वाटीतल्या पेट्रोलवर तरंगून त्याची पातळी राखणारा भाग, शोधू लागलो आणि तो त्यात नव्हताच. लाटांवर उड्या घेणाऱ्या, प्रसंगी उलटणाऱ्या यंत्रात वाटीतले पेट्रोल एका पातळीवर राहू शकत नाही, म्हणून जुन्या टू-स्ट्रोक वॉटर स्कूटरवर मिकुनीचे सुपर बीएन किंवा केहिनचे सीडीके यांसारखे डायफ्रामचे, म्हणजे रबरी पडद्याचे, कार्ब्युरेटर येत असत. इंजिनाच्या ओढीने रबरी पडदा आत खेचला जातो, तो एक चिमुकला लीव्हर दाबतो, पेट्रोलची वाट बंद करणारी नीडल तिच्या सीटवरून उचलली जाते आणि पेट्रोल आत येते. पेट्रोल पंपही बहुधा कार्ब्युरेटरच्याच अंगात असतो आणि क्रँककेसमधील (पिस्टनखालच्या कप्प्यातील) दाबाच्या चढउतारावर चालतो. तो दाब आणणारी बारीक पल्स नळी चिरली असेल, तर कार्ब्युरेटर निर्दोष असूनही इंजिन उपाशी राहते.

नवख्याचा हात सर्वप्रथम स्क्रूकडे जातो, माझाही गेला होता. त्याऐवजी तक्रार थ्रॉटलच्या, म्हणजे ॲक्सिलरेटरच्या, कोणत्या टप्प्यावर आहे, हे आधी विचारावे. आयडलला, म्हणजे थ्रॉटल सोडलेला असताना, आणि त्याच्या थोडे वर लो-स्पीड जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक छिद्र) व लो स्क्रू यांचे राज्य असते. बंद अवस्थेतून थ्रॉटल उघडतानाचा पिकअप नीडल, सीट आणि लीव्हरखालच्या स्प्रिंगवर बराच अवलंबून असतो. मधल्या टप्प्यापासून मेन जेट बोलू लागतो आणि थ्रॉटल निम्म्याहून अधिक उघडल्यावर हाय स्क्रूचा परिणाम जाणवतो. मिकुनीच्या या कार्ब्युरेटरवर दोन्ही स्क्रू आत फिरवले की मिश्रण लीन (पेट्रोल कमी) आणि बाहेर फिरवले की रिच (पेट्रोल जास्त) होते. मूळ सेटिंग मात्र त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावे, कुणाच्या आठवणीतून नव्हे.

थ्रॉटल दाबताच इंजिन घुसमटते, ही सर्वांत नेहमीची तक्रार असते. ते लीन आहे म्हणून घुसमटते की रिच आहे म्हणून, हे कानाने ओळखायला मला बराच काळ लागला. चोकने मात्र ते मिनिटभरात कळते. यंत्र पाण्यात असताना, घुसमट होते नेमक्या त्या वेळी, चोक किंचित ओढावा. इंजिन सावरले तर पेट्रोल कमी पडत होते, आणखी गुदमरले तर ते आधीच जास्त होते. ही परीक्षा ट्रेलरवर करून उपयोग नाही, कारण पाण्याचा भार नसलेले इंजिन वेगळेच वागते.

माझी मोठी चूक दोन कार्ब्युरेटर असलेल्या अशाच एका यंत्रावर झाली. मागच्या कार्ब्युरेटरच्या पंपाचे झाकण उघडल्यावर आतल्या नखाएवढ्या जाळीवर हिरवट, मधासारखा चिकट थर दिसला. मी जाळी धुतली, डायफ्राम बदलले, जेटमधून हवा मारली आणि जुन्या करड्या इंधननळ्या मात्र तशाच जोडल्या. तो चिकट थर त्या नळ्यांच्याच आतल्या भिंती कुजून आला होता, हे मला उमगले नाही. वरचा वेग जरा कमी वाटला म्हणून हाय स्क्रू पाव फेरा बाहेर घेतला आणि यंत्र छान पळू लागले. दोन आठवड्यांनी लांबच्या फुल थ्रॉटलच्या धावेत मागचा पिस्टन सीझ झाला, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये अडकला. जाळी पुन्हा तुंबली होती आणि तुंबलेल्या वाटेपुढे स्क्रू कितीही उघडला तरी व्यर्थ असतो. त्यातून फसवी गोष्ट अशी की, लीन होत जाणारे टू-स्ट्रोक इंजिन बंद पडण्यापूर्वी पुष्कळदा हलके आणि चपळ वाटते. पिस्टनला मिळणारा पेट्रोलचा थंडावा कमी झालेला असतो, आणि ऑईल पेट्रोलमध्येच मिसळलेले असेल तर वंगणही.

तेव्हापासून माझा क्रम बदलला. आधी दोन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन आणि स्पार्क पाहायचा, मग टाकीपासूनच्या नळ्या, फिल्टर आणि इंधनाचा कॉक (चालू-बंद करण्याची तोटी). कॉक जुना झाला की हवा ओढतो, म्हणून शंका आल्यास वेगळ्या डब्यातून थेट पेट्रोल देऊन पाहावे. कार्ब्युरेटर त्यानंतर उघडायचा, आणि उघडलाच तर पॉप-ऑफ दाब, म्हणजे नीडल सीटवरून सुटते तो दाब, मोजल्याशिवाय बंद करायचा नाही. नीडल पेट्रोलने ओली करून हातपंपाने दाब वाढवत जावा. साधारण 10 पीएसआयवर तो स्थिर टिकला पाहिजे आणि मॉडेलनुसार बहुधा 20 ते 40 पीएसआयच्या दरम्यान नीडल एकदम सुटली पाहिजे. 10 वरच दाब झिरपत असेल तर नीडल-सीट गळते आहे. फवाऱ्याचा क्लीनर मारण्यापूर्वी सगळे रबरी भाग बाहेर काढावेत, नाहीतर नवेकोरे डायफ्राम फुगून वाया जातात.

जमिनीवर इंजिन थंड ठेवायला पाइपने पाणी देताना ते आधी सुरू करून मग पाणी सोडावे, आणि बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. उलट केल्यास एक्झॉस्टमधून पाणी सिलिंडरमध्ये शिरू शकते. इंजिनाचा कप्पा उघडून पेट्रोलची वाफ जाऊ दिल्याशिवाय स्टार्टरला हात लावू नये, हे मात्र मला कुणी शिकवावे लागले नाही. वासानेच मी मागे सरलो होतो.

शेवटची पारख प्लगवर होते. नवे प्लग लावून थोडा वेळ फुल थ्रॉटलवर पळवावे आणि आयडलला येऊ न देता तिथेच स्टॉप स्विच दाबावा. पोर्सेलिन पांढरेफटक असेल तर मिश्रण लीन, ओले काळे असेल तर रिच, फिकट तपकिरी असेल तर ठीक. सीझ झालेले ते इंजिन पुन्हा बांधले तेव्हा दोन्ही प्लग तपकिरी निघाले. त्या दिवशीच्या वहीत मागच्या कार्ब्युरेटरपुढे 'सर्व नळ्या बदलल्या' असे लिहिलेले आहे आणि हाय स्क्रूचा आकडा मॅन्युअलमधलाच आहे.