जर्मनीत चौघं: निघण्याआधीची यादी

यादीची सुरुवात बॅगेपासून करू नका. बॅग शेवटच्या रात्रीही भरता येते आणि चार्जर राहिलाच तर बर्लिनमध्येही मिळतो. तिथे गेल्यावर काही केल्या जमणार नाही, ते आधी लिहा. आमच्या यादीच्या पहिल्या पानावर स्वेटर, मॅगी आणि सेल्फी स्टिक होती, व्हिसाची अपॉइंटमेंट तिसऱ्या पानावर. म्हणून यंदा जाणाऱ्यांसाठी ही सुधारित आवृत्ती. जुलैत महिनाभर जर्मनचा वर्ग आणि ऑगस्टमध्ये मित्रांबरोबर भटकंती, असा बेत धरून लिहितोय.

व्हिसा सगळ्यात आधी. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी द्यावाच लागतो. त्या पंधरा दिवसांवर विसंबू नका, कारण एप्रिल-मेमध्ये अर्धं पुणं युरोपला निघालेलं असतं आणि अडतं ते अपॉइंटमेंटपाशी. फी 90 युरो. प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा हवा. इथे एक खाच आहे: वर्गाच्या फीमध्ये विमा धरलेला असला तर तो बहुधा वर्गापुरताच असतो. ऑगस्टचे दिवस आपले आपण काढायचे, परतीच्या तारखेपर्यंत. विमानाची जोडणी मधे असेल तर निदान तीन तास हाताशी ठेवा. ऑक्टोबर 2025 पासून युरोपच्या सीमेवर नवी पद्धत आली आहे, पहिल्या प्रवेशाला फोटो घेतात आणि व्हिसावेळी दिलेले बोटांचे ठसे ताडून बघतात, आणि रांग आपल्या घाईला भीक घालत नाही.

मग शहरं. आमच्या पहिल्या बेतात वीस दिवसांत नऊ शहरं होती. एका मैत्रिणीच्या आईनं कागद पाहिला आणि विचारलं, "मग कपडे कधी धुणार?" पाच शहरं तिथल्या तिथे कापली. बर्लिन, हॅम्बर्ग, कोलोन, म्युनिक एवढी उरली आणि तीही भरपूर झाली. कापाकापी इथेच, चहाच्या टेबलावर करा.

प्रवासाचं गणित त्यानंतर बसवा. डॉइचलँड टिकेट हा विद्यार्थ्यांचा मोठा आधार: लोकल गाड्या, मेट्रो, ट्रॅम, बस, सगळं महिनाभर एका तिकिटावर. 2023 साली सुरू झालं तेव्हा 49 युरो होते, 2026 पासून 63. ते एक तारखेपासून महिनाअखेरपर्यंत चालतं, त्यामुळे भटकंती एकाच महिन्यात बसवली तर एकच तिकीट लागतं. पण आयसीई, आयसी या वेगवान गाड्यांत ते चालत नाही. बर्लिन ते म्युनिक आयसीईनं साधारण चार तास. लोकल गाड्या बदलत गेलात तर नऊ-दहा. तेवढा एक टप्पा आयसीईचा घ्या आणि तिकीट इथूनच काढा, कारण स्वस्त तिकिटं लवकर संपतात. हॅम्बर्गला मात्र डॉइचलँड टिकेटची चंगळ आहे. लांडुंग्सब्रुकेन धक्क्यावरून सुटणारी 62 नंबरची फेरी बोट त्याच तिकिटावर एल्बे नदीतून फिरवून आणते. आम्ही तीनदा बसलो.

विनाशुल्क गोष्टींनाही आगाऊ नाव नोंदवावं लागतं. बर्लिनला राइशटागचा, म्हणजे जर्मन संसदेच्या इमारतीचा, काचेचा घुमट फुकट बघता येतो, पण प्रत्येकाचं नाव आणि जन्मतारीख आधी कळवायची आणि दारात मूळ पासपोर्ट दाखवायचा. नॉइश्वानश्टाइनचा किल्ला आतून बघायचा तर वेळेचं तिकीट ऑनलाइन काढून ठेवा. कोलोनच्या कॅथीड्रलच्या मनोऱ्याला 533 पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. ज्याचा गुडघा दुखतो त्याला आधीच सांगून ठेवा. बर्लिनच्या यादीत माझी एक आवडती भर: दालेम भागातली ईनेश्ट्रासे 22. इरावती कर्वे 1920च्या दशकाच्या अखेरीस मानवशास्त्रातल्या डॉक्टरेटसाठी ज्या संस्थेत होत्या, तिची ही इमारत. पुढे नाझी वंशशास्त्रासाठी ती कुप्रसिद्ध झाली, तसा फलक दारावर आहे. आता तिथे विद्यापीठाचे वर्ग भरतात. जवळच यू3 मेट्रोचं स्टेशन आहे. अर्धा तास पुरतो.

आता फोन. पैसे वाचवायला आम्ही चौघांत दोनच डेटा पॅक घेतले आणि बाकीच्यांना हॉटस्पॉट. म्युनिकहून टेगर्नझे तलावाला निघालो त्या दिवशी हे शहाणपण अंगाशी आलं. गाडीत गर्दी होती, दोघं पुढच्या डब्यात बसलो, दोघं मागच्या. शाफ्टलाख नावाच्या चिमुकल्या स्टेशनवर गाडी थांबली, खटका वाजला, आणि आमच्या डोळ्यांदेखत गाडीचे दोन तुकडे झाले. एक टेगर्नझेला, दुसरा लेंगग्रीसला. डेटा असलेले दोन्ही फोन टेगर्नझेच्या तुकड्यात. ब्रेड आणि काकड्याही तिकडेच. लेंगग्रीसला गेलेल्या दोघांकडे चार टॉवेल आणि सुरी. तासाभरानं ते परत शाफ्टलाखला येऊन पुढची गाडी धरून आले, तोवर आम्ही दातांनी तोडून काकड्या खाल्ल्या होत्या. तेव्हा चार माणसं, चार डेटा पॅक. आणि फलाटावर 'त्सूगटायलुंग' (गाडीचे तुकडे होणं) ऐकू आलं किंवा दिसलं, की डब्यावरचं शेवटच्या स्टेशनचं नाव बघूनच चढायचं.

त्याच ओघात: घरचं सिम बंद ठेवू नका. आपल्या बँकेचा ओटीपी त्याच नंबरावर येतो. रोमिंग इथून सुरू करून घ्या, निदान मेसेज येतील एवढं. फॉरेक्स कार्ड घ्याच, पण 100-150 युरो सुट्या नोटांतही ठेवा. छोट्या बेकऱ्या आणि टपऱ्यांवर अजून "फक्त रोख" अशी पाटी असते.

पैशांवरून मैत्री तुटते ती मोठ्या रकमेवरून नाही, दोन युरोंच्या कॉफीवरून. त्यामुळे निघण्याआधी एकदा बसून ठरवा: राहणं आणि किराणा समान वाटून, बिअर ज्याची त्याची, संग्रहालय ज्याला जायचं त्याचं. हिशेब रोज रात्री, एकाच ॲपमध्ये, झोपायच्या आधी. बाटल्यांची अनामत कुणाची हेही ठरवा. एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटलीमागे 25 सेंट आधीच घेतलेले असतात आणि रिकामी बाटली सुपरमार्केटच्या यंत्रात घातली की परत मिळतात. आमच्याकडे बाटल्या जमवणाऱ्यालाच ते पैसे, असा कायदा होता. एक जण त्यावर रोजचं आइस्क्रीम खायचा.

खाण्याचं सामान. दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, खवा, पनीर घरीच. आंब्यालाही रोपस्वास्थ्याचा दाखला लागतो, तेव्हा हापूस आजीला खायला सांगा आणि पुढे व्हा. थालीपीठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, शेंगदाण्याची चटणी मात्र न्या, सगळं कोरडं आणि वर नाव लिहून. लोणचं न्यायचं तर चेक-इनच्या बॅगेत. हातातल्या बॅगेत 100 मिलीच्या नियमात अडकतं. हॉस्टेल निवडताना स्वयंपाकघर आहे का ते आधी बघा. आमच्यातल्या शाकाहारी पोरीनं पहिल्या आठवड्यात चीज घातलेले श्पेट्सले (तिकडचे नूडल्स) इतके खाल्ले की नंतर मेतकूट-भातावर तुटून पडली. आणि शनिवारी संध्याकाळी किराणा भरा. रविवारी दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांतली तेवढी उघडी.

बॅगेचं थोडक्यात: पायात आधीच रुळलेले बूट, पावसाचं जॅकेट, हॉस्टेलच्या कपाटासाठी छोटं कुलूप, अंघोळीच्या स्लिपर, डोळ्यांवरची पट्टी. बर्लिनला जुलैत रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो आणि पाचच्या आत पुन्हा फटफटतं. स्वस्त हॉस्टेलात एसी नसतो, पंखाही क्वचित. भारतीय जाड तीन पिनांचा प्लग तिथल्या खोलगट सॉकेटमध्ये शिरत नाही, तेव्हा चौघांत दोन अडॅप्टर आणि एक एक्स्टेन्शन बोर्ड.

शेवटची नोंद फोनमध्येच करा. डॉइचलँड टिकेट हे वर्गणीसारखं चालतं; चालू महिन्याच्या दहा तारखेपर्यंत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. मी सप्टेंबरभर पुण्यात पीएमटीनं फिरलो, जर्मनीतल्या सगळ्या ट्रॅमचं तिकीट खिशात ठेवून. अलार्म नऊ ऑगस्टचा लावा, दहाचा नको.